गोव्यातल्या घरासाठी उंची फिटिंग्ज आणि फर्निचर: कुठे पैसा घालावा, कुठे हात आखडावा

कॅटलॉग उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. घर समुद्रापासून किती लांब आहे, पाणी नळाचं आहे की विहिरीचं, आणि पावसाळ्यात घर उघडं असतं की थेट गणेश चवथीलाच कुलूप निघतं. मोरजीच्या किनाऱ्याला लागून असलेला व्हिला आणि फोंड्याच्या डोंगरउतारावरचं घर यांच्या खरेदीच्या याद्या एकसारख्या असूच शकत नाहीत. इंटिरिअर डिझायनर मुंबईचा किंवा दिल्लीचा असेल तर हा फरक त्याला तुम्हीच सांगावा लागतो, कारण त्याच्या नेहमीच्या यादीत खारा वारा आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस धरलेला नसतो.

नळ आणि शॉवर: क्रोम, पीव्हीडी, मॅट ब्लॅक की उघडं पितळ

सर्वाधिक पैसा इथे वाया जातो, म्हणून जरा खोलात जाऊ.

साध्या क्रोम नळात पितळेच्या बॉडीवर निकेलचा थर असतो आणि त्यावर क्रोमियमचा अगदी पातळ, मायक्रॉनच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा थर. चमक दिसते ती क्रोमची, पण गंजापासून बचाव करतं ते खालचं निकेल. निकेल कमी पडलं की खाऱ्या हवेत वर्ष-दोन वर्षांत बारीक ठिपके उठतात आणि मग थर पोपडे धरतो. चांगल्या कंपनीचा क्रोम मात्र गोव्यात निमूटपणे टिकतो. शिवाय त्याचे सुटे भाग सहज मिळतात, आणि शेड जुळवायची भानगड नसते.

पीव्हीडी म्हणजे निर्वात कक्षात धातूच्या वाफेचा बसवलेला थर. झर्कोनियम किंवा टायटेनियमच्या संयुगांमुळे सोनेरी, रोझ गोल्ड, गनमेटल असे रंग मिळतात. थर कडक असतो, घासल्याने सहसा जात नाही. पण तोही जेमतेम मायक्रॉनभर असतो आणि खालच्या बॉडीचे दोष झाकत नाही. पितळी बॉडी, त्यावर व्यवस्थित निकेल-क्रोम आणि त्यावर पीव्हीडी असेल तर किनाऱ्यालगतच्या रंगीत फिनिशमध्ये यापेक्षा चांगली निवड नाही. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर एका सूक्ष्म छिद्रातून ओल आत जाते आणि खालून फोड येतो. दांडा, हँडल आणि शॉवरचा ब्रॅकेट हे भाग जस्ताचे असण्याची शक्यता जास्त. हातात घेऊन वजन पाहा, आणि बिलावर ‘बॉडी व हँडल पितळी’ असं लिहून घ्या.

मॅट ब्लॅक मुख्यतः दोन प्रकारे येतो: पावडर कोटिंगचा आणि पीव्हीडीचा. दिसायला जवळपास सारखे, किमतीत बराच फरक. पावडर कोटिंगला कडेवर टवका गेला की तिथून ओल शिरते. गेस्ट टॉयलेटमध्ये ठीक, रोजच्या बाथरूममध्ये नको.

लॅकर (पारदर्शक संरक्षक लेप) नसलेलं उघडं पितळ सध्या जुन्या पोर्तुगीज घरांच्या डागडुजीत फार मागितलं जातं. ते काळवंडणारच, हिरवटही होणार, आणि किनाऱ्यावर काही आठवड्यांतच होणार. देवघरातली समई चिंचेने घासायची सवय आणि हौस घरात असेल तर जरूर घ्या, भरीव पितळ दशकानुदशकं टिकतं. घर भाड्याने देणार असाल तर घेऊ नका. केअरटेकर ते एकदा भलत्याच पावडरीने घासतो, दुसऱ्यांदा घासतच नाही, आणि मग चारही बाथरूम चार रंगांची दिसतात.

पाण्याचा मुद्दा इथे फिनिशपेक्षा मोठा आहे. बाहेरचे लोक ‘हार्ड वॉटर’ धरून सॉफ्टनर सुचवतात. गोव्यातल्या जांभ्या जमिनीतलं विहिरीचं पाणी बहुधा उलटं असतं: मऊ, थोडं आम्लधर्मी, कधी लोहयुक्त. आम्लधर्मी पाणी पितळातलं जस्त विरघळवतं, मागे सच्छिद्र तांबूस धातू उरतो, आणि एक दिवस व्हॉल्व्हची मान हातात येते. वॉशबेसिनवर निळसर-हिरवा ओघळ दिसू लागला तर पाणी धातू खातंय. अशा पाण्याला सॉफ्टनरचा उपयोग नाही. पीएच वाढवणारा कॅल्साइटचा फिल्टर आणि गरजेनुसार लोह काढणारा फिल्टर लागतो. नळ घेताना ‘डीझेडआर’ पितळ, म्हणजे जस्त न झिजणारं पितळ, आहे का ते विचारा. आधी पाण्याची तपासणी, मग नळांची ऑर्डर. किनाऱ्यालगतच्या बोअरला खारं पाणी लागलं असेल तर ते शोभेच्या नळात सोडूच नका, टँकर किंवा नळाच्या पाण्याची वेगळी टाकी करा.

नवे नळ राहायला जाण्याआधीच खराब होतात, त्याचं नेहमीचं कारण ॲसिड वॉश. टाइल्सवरचं सिमेंट काढायला गवंडी म्युरिॲटिक ॲसिड वापरतो, बंद बाथरूममध्ये वाफ कोंडते आणि एका रात्रीत क्रोम, स्टील, बिजागऱ्या सगळं धुरकट होतं. ॲसिडचं काम नळ बसवण्याआधी उरकून घ्या, नाहीतर ते करूच देऊ नका.

भिंतीतला भाग: थर्मोस्टॅट की साधा डायव्हर्टर

छतावरच्या टाकीचं तळ शॉवरपासून तीन मीटर वर असेल तर दाब साधारण ०.३ बार मिळतो. आयात थर्मोस्टॅटिक मिक्सर (थंड-गरम मिसळून ठरलेलं तापमान राखणारे) आणि मोठे रेन शॉवर सुमारे १ बार दाब धरून बनवलेले असतात. टाकीच्या दाबावर ३०० मिलिमीटरचा रेन शॉवर नुसता ठिबकतो, आणि थंड-गरम पाण्याचा दाब जुळला नाही की थर्मोस्टॅट बावचळतो. म्हणून निवड अशी: प्रेशर पंप बसवणार असाल, दोन्ही लायनी त्याच्यावर घेणार असाल आणि जनरेटर किंवा इन्व्हर्टरचा आधार असेल तर थर्मोस्टॅट घ्या. नाहीतर साधा हाय-फ्लो डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा व्हॉल्व्ह) आणि दोनशे मिलिमीटरचा शॉवर जास्त सुख देतो.

गीझरचाही हिशोब करा. शॉवर मिनिटाला १२ लिटर सोडत असेल, गीझरमध्ये ६० अंशांचं पाणी असेल आणि अंगावर ४० अंश हवं असेल तर मिनिटाला साधारण पावणेपाच लिटर गरम पाणी खर्चतं. २५ लिटरचा गीझर पाच मिनिटांत रिकामा. बाथटबला तर एका भरण्यात ८० ते १०० लिटर गरम पाणी लागतं.

कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेल्या, बॉडीची खोली चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतीत हमखास चुकते. चिरा सरळ फुटत नाही, खाच वेडीवाकडी होते, ती भरताना गिलावा जाड होतो. बॉडीवरच्या किमान-कमाल खुणा प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, चिकटवणी आणि टाइल किंवा दगड हे सगळं धरून जुळायला हव्यात. १८ मिलिमीटरचा मार्बल लावायचं नंतर ठरलं की खूण आत जाते आणि एक्स्टेन्शन किट शोधत बसावं लागतं. टाइल लावण्याआधी लाइन दाबाखाली तपासा आणि फोटो काढून ठेवा. फ्लशची कन्सील्ड टाकी घेताना फ्लश प्लेटमधून व्हॉल्व्ह बाहेर काढता येतो ना, हे दुकानात हात घालूनच पाहा.

हँडल, कड्या, रेलिंग: ३०४ की ३१६

३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये नसतं, खाऱ्या हवेत फरक पडतो तो यामुळे. लाटांपासून साधारण पाच किलोमीटरच्या आत असलेल्या घराला बाहेरच्या बाजूला ३१६ घ्या. आतल्या कपाटांना ३०४ पुरे. दुकानात लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ असं दाखवतात, त्याला भुलू नका. स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. स्टील बनवणाऱ्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, किंवा मॉलिब्डेनम ओळखणारे थेंब मिळतात ते एका नगावर टाकून बघा.

उलटं वाटेल, पण पावसात भिजणाऱ्या रेलिंगपेक्षा बलकांवच्या (दारापुढच्या ओसरीच्या) छपराखालचं हँडल आधी तांबूस होतं. पाऊस मीठ धुऊन नेतो, छपराखाली ते साचत राहतं. त्यामुळे छपराखालच्या स्टीलला महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचं फडकं लागतंच. खरबरीत सॅटिनपेक्षा गुळगुळीत पॉलिश मीठ कमी धरतं. स्क्रूही त्याच ग्रेडचे घ्या. ॲल्युमिनिअमच्या हँडलला साधे लोखंडी स्क्रू लावले की भोकाभोवती पांढरी भुकटी जमते.

लाकूड: भरीव सागवान, प्लाय, की एचडीएचएमआर

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. एसीच्या खोलीत, ५० टक्के आर्द्रतेला, त्यात ९ टक्क्यांच्या आसपास ओलावा राहतो. ऑगस्टमधल्या बंद खोलीत, ८० टक्के आर्द्रतेला, १६ टक्क्यांवर जातो. एवढ्या फरकाने ६०० मिलिमीटर रुंद सागवानी फळीत पाच-सहा मिलिमीटरची वाढ होऊ शकते. कोरड्या प्रदेशातून किंवा युरोपातून आलेलं भरीव लाकडाचं टेबल इथे फुगतं आणि एसीत फाटतं, त्यात दोष लाकडाचा नसतो. टॉप पायांना पक्का स्क्रू केलेला असेल तर टेबल परत पाठवा. लांबट भोकाच्या पट्ट्या किंवा लाकडी बटणं हवीत, म्हणजे फळीला सरकायला जागा मिळते.

भरीव लाकडात सागवानाला इथे तोड नाही, पण वाळवी आणि किडा न लागण्याचा गुण मधल्या गाभ्याचा असतो. बाहेरची पांढरट कड, म्हणजे रसकाठ, किडा आवडीने खातो. आयात सागवान म्हणून आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचं कमी वयाचं लाकूडही येतं, त्यात ही कड जास्त असते. जुन्या घरांतून निघालेल्या तुळया स्थिरावलेल्या असतात, आम्ही त्यांनाच झुकतं माप देऊ. फक्त मेस्त्री करवत लावण्याआधी खिळ्यांसाठी मेटल डिटेक्टर फिरवायला सांगा.

पॉलिश चारही बाजूंनी आणि मागून-खालूनसुद्धा व्हायला हवं. दिसणाऱ्या बाजूला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारलं आणि मागची कोरी ठेवली तर फळी वाकते. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करून घ्या. पावसात मारलेलं मेलामाइन पांढुरकं पडतं आणि पीयूला बुडबुडे येतात.

कपाटांना भरीव लाकूड नको. सांगाडा आयएस ७१० प्लायचा करा. या मानकात नमुना ७२ तास उकळून तपासतात. दारं मात्र उंच असतील, सात फुटांच्या पुढे, तर प्लाय पिळते. तिथे एचडीएचएमआर (ओलीला टिकणारा घट्ट दाबलेला फायबर बोर्ड) जास्त सरळ राहतं, कड मात्र उघडी राहता कामा नये. एज बँडिंग, म्हणजे कडेची पट्टी, साध्या ईव्हीए गोंदाने आहे की पॉलियुरेथेनच्या पीयूआर गोंदाने, हे कारखान्यात विचारा. ओलीला पीयूआरच पुरून उरतो. आणि चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या, कपाट चिकटवू नका. मागे २५ मिलिमीटर मोकळे, खाली १०० मिलिमीटरचे पाय, वर-खाली हवा खेळायला जाळी. बुरशीचं निम्मं भांडण तिथेच मिटतं.

दगड

स्वयंपाकघराच्या ओट्याला इटालियन मार्बल आणि रोजची सोलकढी यांचं जमत नाही. आमसूल, लिंबू, व्हिनेगर पॉलिश खातात. तो बाथरूमच्या भिंतीला किंवा दिवाणखान्यात लावा, पांढऱ्या चिकटवणीवर, मागची बाजू सील करून. लोहयुक्त विहिरीच्या पाण्यात कालवलेलं सिमेंट मागे असेल तर पांढरा दगड पिवळा पडतो, आणि तो डाग घासून जात नाही. क्वार्ट्झला आम्लाची भीती नाही, पण त्यात रेझिन असतं. गरम टोप ठेवला की डाग, आणि बलकांवच्या उन्हात रंग उतरतो. घरी रोज मासळी शिजत असेल तर लेदर फिनिशचा (चकचकीत नसलेला, किंचित खडबडीत) काळा ग्रॅनाइट घ्या, भाव खात नाही आणि काम करतो. पोर्सिलेनचा मोठा स्लॅब दोन्ही बाबतींत सरस, फक्त कड टणक वस्तू लागून उडते आणि कापणारा कारागीर सरावाचा लागतो.

आरशाला आणि मार्बलला आंबट वास येणारं सिलिकॉन लावू देऊ नका. न्यूट्रल क्युअरचंच हवं, नाहीतर आरशाच्या कडा काळ्या पडतात.

सोफे आणि बंद घर

लेदरला ७० टक्क्यांच्या वर आर्द्रतेत बुरशी येते. बारा महिने वापर आणि एसी असेल तरच घ्या, आणि तेही सेमी-ॲनिलिन (पातळ कोटिंगचं), कारण कोटिंग नसलेलं पूर्ण ॲनिलिन डाग आणि ओल दोन्ही शोषतं. लिननचंही तेच. बलकांवसाठी सोल्युशन-डाइड ॲक्रिलिक (धागा बनतानाच रंग मिसळलेलं कापड) आणि पाणी निथळणारा रेटिक्युलेटेड फोम, साधा फोम आत ओला राहून कुजट वास धरतो.

पावसाळाभर बंद राहणाऱ्या घरात महागड्या सोफ्यापेक्षा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, आधी विकत घ्या. आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांवर लावा, पाण्याची बादली न ठेवता नळी थेट मोरीत सोडा (बादली भरली की यंत्र बंद पडतं, आणि ती ओतायला घरात कोणी नसतं), मोरीच्या जाळीत पाण्याचा सापळा आहे ना ते पाहा, आणि वीज जाऊन आल्यावर आपोआप चालू होणारंच मॉडेल घ्या.