पहिला टॅरँट्युला: रेड नी की कर्ली हेअर?

जुळे सोलापूरच्या माझ्या भाच्याला टॅरँट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळायचाय, पण मेक्सिकन रेड नी घ्यावा की कर्ली हेअर, इथे त्याचं अडलंय. केशरी गुडघ्यांच्या रेड नीला देखणेपणात तोड नाही. पण बाळा, नुसत्या रूपावर ठरवू नकोस.

स्वभावाने दोन्ही संथ. डिवचलं की पोटावरचे केस उडवतात. अंगाला खाज सुटते, डोळ्यात गेले तर फार त्रास. रेड नी हे जरा पटकन करतो. हातावर दोघांनाही घ्यायचं नाही. उंचावरून पडले तर पोट फुटून मरतात, म्हणून पेटीही बुटकीच हवी.

खरा फरक खाण्यात आहे. कर्ली हेअर रातकिडे आवडीने खातो, त्यामानाने लवकर वाढतो. रेड नी कित्येक महिने उपाशी राहतो. आजारी असतोच असं नाही, पण नवख्याचा जीव टांगणीला लागतो. घरातली झुरळं मात्र दोघांनाही देऊ नकोस, फवारणीचं विष त्यांच्या पोटात जाईल.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो. पत्र्याखालची खोली नको. तळमजल्यावरची सावली आणि कायम भरलेली पाण्याची वाटी.

दोन्ही जाती साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळे वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते. कागद न देणाऱ्याकडून घ्यायचाच नाही.

धीर धरून वर्षानुवर्षं बघत राहणाऱ्याने रेड नी घ्यावा, मादी २० वर्षांहून जास्त जगते. खाताना, वाढताना बघत शिकायचं असेल तर कर्ली हेअर. तुला तोच.