सावंतवाडीहून आणलेले सहा भोवरे, चार महिन्यांनी उरला एक

मे महिन्यात गोव्याला जाताना सावंतवाडीत थांबलो होतो. चितार आळीत शिरलं की लाकडी आंबे-केळी-फणस बघण्यातच तास जातो, पण माझी मुलगी आणि भाचा दोघांनी भोवऱ्यांपुढेच ठाण मांडलं, मग काय, घेतले सहा, ६० रुपयाला एक, जाळी (गुंडाळायची दोरी) सोबत फुकट. दुकानाचं नाव टाकत नाही कारण काका सज्जन होते, त्यांनी आधीच विचारलेलं, "शोकेसला की खेळायला?" आम्ही म्हटलं दोन्हीला. तिथेच फसलो.

रंगाला पूर्ण मार्क. लाखेचा रंग आहे, लाकूड गरागरा फिरत असताना लाखेची कांडी टेकवतात आणि घासून जी उष्णता होते तिनेच ती वितळून लाकडावर बसते. पार्किंगच्या सिमेंटवर रोज आपटून टवके उडालेत पण ऑइलपेंटसारखे पोपडे नाही निघाले.

प्रॉब्लेम आरेचा, म्हणजे टोकाच्या खिळ्याचा. पहिल्याच आठवड्यात दोन भोवरे फुटले आणि दोन्ही सेम, आरेपासून वर उभी चीर. फुटलेला उघडून बघितला तर खिळा सरळ ठोकून दिलेला. आता भोवऱ्यात लाकडाच्या रेषा उभ्या, खिळाही उभा, म्हणजे ती पाचरच झाली ना, प्रत्येक आपटीला अजून आत. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडून मग आर बसवली असती तर इतक्या लवकर नसते गेले. त्यात कोकणातलं दमट हवेतलं लाकूड पुण्याच्या मे महिन्यात आलं, ते आक्रसणारच. अर्थात पोरं काही साधं फिरवत नव्हती, गुच्चे चालू होते, एकाने फिरवायचा आणि दुसऱ्याने वरून आर हाणून त्याला खड्डा पाडायचा. बाभळीचा जड भोवरा हे सहन करतो, हे आंब्याचं हलकं लाकूड, काकांनीच सांगितलेलं.

बाकीचे हरवले, त्यात दुकानाचा काय दोष. एक गटाराच्या जाळीतून आत, एक वॉचमनच्या पत्र्यावर (पावसाळ्यात वर कोण चढणार), आणि एकाचं काय झालं ते दोघंही एकमेकांवर ढकलतायत. दोऱ्या तर त्याच्याही आधी गेल्या, सध्या बुटाची लेस वापरतोय, ती घसरते म्हणून ओली करून गुंडाळायची आणि टोकाला गाठ मारायची.

सहावा शाबूत आहे कारण आईने तो पहिल्याच दिवशी उचलून टीव्हीशेजारी ठेवला, वरच्या फळीवर, पोरांचा हात पोचत नाही तिथे.

पाचपैकी साडेतीन स्टार. पुढच्या वेळी बिनआरेचे मिळतात का विचारणार, आर इथे आमच्या सुताराकडून बसवून घेईन.