पाण्यात चालवला म्हणून पंपाची वॉरंटी गेली! लिली-तळ्याचा संच, दिवाळी ते गणपती

पाण्यात बुडवून चालवायचा पंप पाण्यात बुडवला, म्हणून वॉरंटीत बसत नाही, हे मला कस्टमर केअरच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं. "सर, फोटोत पंपात पाणी शिरलेलं दिसतंय." म्हटलं, मॅडम, मग त्याला ठेवायचा कुठे होता, कपाटात? त्यावर तक्रार 'वरिष्ठांकडे' गेली आणि वरिष्ठांनी ती पुन्हा बाईंकडे पाठवली. ही टोलवाटोलवी अजून चालू आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

संच तुम्ही पाहिलेलाच असेल: जमिनीत पुरायची ५०० लिटरची काळी टाकी, जाळीच्या परड्या, लिलीचे दोन कंद आणि १८ वॅटचा कारंज्याचा पंप. आमचं घर गुहागरला, मागे माड-पोफळीचं आगर, जमीन म्हणजे निव्वळ पुळण, वाळूच वाळू. नुसता खड्डा खणून पाणी ठरणं शक्यच नव्हतं, त्यामुळे टाकी हवीच होती. टाकी चांगली आहे, पुढे.

दिवाळीत घेतलेला पंप गुढीपाडव्याच्या सुमारास बंद पडला, म्हणजे सहा महिन्यांच्या वॉरंटीच्या आतच. तोवर तो चोवीस तास चालवायचा, असं माहितीपत्रकात ठळक अक्षरात लिहिलेलं. १८ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण महिन्याला १३ युनिट होतात. आणि कारंजं बघायला येणार कोण, तर शेजारची मांजर. चालवायचा का, तर म्हणे पाणी साचून डास होतील. शेजारच्या काकूंनीही "अहो, डेंग्यू पाळताय की काय?" म्हणून घाबरवलेलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गप्पी मासे फुकट मिळाले, ते सोडले आणि डासांच्या अळ्यांचा प्रश्न तिथेच मिटला. पंप असताना आणि नसताना डासांत काडीचा फरक नाही.

फरक पडला तो लिलीत, आणि इथे माझं मत फिरलं. कारंजं चालू असताना त्याच्या जवळची पानं सतत ओली राहून काळी पडायची, कळ्या जेमतेम यायच्या. लिलीच्या तरंगत्या पानांची श्वासरंध्रं वरच्या अंगाला असतात. त्यांच्यावर दिवसरात्र शिंतोडे उडवले तर ती काय करणार? हे झाड मुळात संथ पाण्यातलं. पंप मेला आणि पंधरवड्यात पानं पसरली, अर्ध्याहून जास्त पाणी झाकलं गेलं, हिरवा गढूळपणाही उतरला. उन्हाळ्याचा हात त्यात असेलच, पण मी श्रेय पंपाच्या मरणाला देतो.

कंदांना मात्र पैकीच्या पैकी. एक 'वानविसा', थायलंडची जात, २०१० साली आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिली आलेली. गुलाबी-केशरी पाकळ्यांवर पिवळे शिंतोडे, आणि दोन फुलं एकसारखी येतील तर शपथ. दुसरी निळी, उष्ण कटिबंधातली, तिला आमची हवा जास्त मानवली. सकाळी आठ-नऊला उघडते, दुपार कलली की मिटते, असं तीन-चार दिवस. पहिल्या दिवशी फुलात वाकून बघा, मधोमध पाण्यासारखा द्रव साठलेला असतो. एखादी बारकी माशी त्यात बुडून मेलेलीही सापडते. दुसऱ्या दिवशी द्रव गायब आणि परागकण तयार.

संचातलं कोकोपीट वापरू नका, ते तरंगून वर येतं. भातशेतीतली चिकण माती भरा, वर बारीक खडी. वानविसाचा कंद परडीच्या कडेला आडवा, निळीचा मधोमध; दोन्हींचा शेंडा मातीबाहेर. आणि जागा उन्हाची हवी, निदान पाच-सहा तास. आगरात ही जागा शोधणं हेच खरं काम. माडाखाली तर नकोच, झावळ कधी पडेल सांगता येत नाही.

मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. ते ओतलं की पानांच्या कडा करपायला लागतात. नळाचं पाणी पिंपात एक दिवस ठेवून घातलं, नवी पानं स्वच्छ आली. पावसाळ्यात उलटी तऱ्हा: जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की टाकी उपसायला जाल तर रिकामी टाकी खालून उचलली जाईल. सफाई पाऊस संपल्यावरच करा. टाकीच्या कडेला सांडव्यासाठी भोक पाडून जाळी लावा, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत गप्पी अंगणात. सांडवा संचात द्यायला हवा होता. त्याऐवजी पंप दिलाय!

श्रावणात पानांना कातरीने कापल्यासारखी लंबगोल भोकं दिसली. तेवढाच एक तुकडा पाण्यावर तरंगत होता, उलटा केला तर खाली दुसरा तुकडा चिकटवून मध्ये अळी आरामात. असे तुकडे वेचून काढायचे, औषध फवारायचं नाही, मासे मरतील. मावा आला तर पाइपने पाण्यात पाडा, गप्पी खातात.

ताजी बातमी: गणपतीत पुतण्या आला होता, त्याने पंपाचं पुढचं झाकण पाव फेरा फिरवून काढलं. आत चुंबकाच्या पात्यात हरभऱ्याएवढी गोगलगाय अडकलेली. ती काढली, पंप सुरू. झाकण उघडतं हे माहितीपत्रकात नाही आणि बाईंनाही माहीत नव्हतं. पण तळ्यात तो कायमचा परत जाणार नाही. आठवड्यातून एकदा तेवढ्यापुरता बुडवून तळ्यातलं थोडं पाणी पंपाने अळवाच्या वाफ्यात सोडतो. बायको म्हणते, पैसे वसूल. मी म्हणतो, त्यासाठी बादली पुरली असती, आणि परतावा मी मागणारच.

पंपाशिवायचा संच त्यांनी काढला तर डोळे मिटून घ्या. तोवर नुसती टाकी आणि कंद सुटे मिळतात का बघा, बरेच स्वस्त पडेल. वानविसाचा कंद आता परडीबाहेर येऊ लागलाय, होळीनंतर तोडून वाटणार आहे. गुहागरच्या आसपासच्यांनी घमेलं आणि चिकण माती आपापली आणावी. कुरिअर करणार नाही.