फट शोधायला उदबत्ती बरी की थर्मल कॅमेरा?

साताऱ्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून सुटला की बंद खिडकीचेही पडदे हलतात. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. सांगलीच्या बाजूला तक्रार वेगळी: ऊसतोडीनंतर शेतात पाचट पेटवलं की दारं-खिडक्या लावूनही ओट्यावर काजळी सापडते. वारा असो की काजळी, फट नेमकी कुठे आहे ते कळल्याशिवाय सिलिकॉनची नळी हातात घेण्यात अर्थ नाही.

उदबत्तीचा धूर पाहा किंवा पृष्ठभागाचं तापमान रंगांत दाखवणारा थर्मल कॅमेरा फिरवा, दोन्ही पद्धतींत तयारी सारखीच. सगळ्या खिडक्या आणि बाहेरची दारं लावायची, आतली दारं उघडी ठेवायची, छताचे पंखे दहा मिनिटं आधी बंद करायचे आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू करायचा. तो घरातली हवा बाहेर फेकतो, मग प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत येऊ लागते. नुसत्या वाऱ्याच्या भरवशावर तपासलंत तर पश्चिमेची फट हवा आत घेते, पूर्वेची बाहेर सोडते आणि डोकं चक्रावतं. गॅस गीझर आणि बंब मात्र आधी बंदच करा. एक्झॉस्टच्या ओढीनं त्यांचा विषारी वायू उलटा घरात येऊ शकतो. वर माळा किंवा सीलिंग नसलेल्या कौलारू घरात दोन्ही उपाय फुकट. कौलांमधूनच इतकी हवा येते की एक्झॉस्टची ओढ बसत नाही.

उदबत्ती बारीक काडीची घ्यावी. धूपकांडीचा ढग होतो, धार दिसत नाही. काडी फटीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, श्वास रोखून, मनात पाच मोजेपर्यंत. धार आधी सरळ वर जाऊ द्या. फट असेल तिथे ती खोलीच्या दिशेला मोडते. पडदे आधी काढून ठेवा, आणि मागे गडद कापड धरलं की धूर चांगला दिसतो. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत सुरुवात दोन पल्ले एकमेकांवर येतात त्या उभ्या जोडापासून करा. तिथला ब्रश, म्हणजे फट झाकणारी केसाळ पट्टी, झिजून बसलेला असतो, आणि चोर बहुधा तिथेच सापडतो. मग खालचे कोपरे, चौकट आणि भिंत यांमधली रेघ, एसीच्या नळीचं भोक, बाहेरच्या भिंतीवरचे स्विचबोर्ड आणि शेवटी गच्चीचं दार. खिडकीच्या खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची भोकंही धूर हलवतील. ती बुजवू नका, नाहीतर पुढच्या पावसात पाणी घरात.

उदबत्तीचे तोटे आहेतच. पीओपीच्या सीलिंगपर्यंत ती पोचत नाही, हात थरथरला की धार खोटं सांगते, आणि तासाभरानं घराचं देऊळ होतं.

कॅमेऱ्याचं बळ बरोबर इथेच आहे. महाबळेश्वर-पाचगणीत जानेवारीच्या पहाटे, किंवा सांगलीत एप्रिल-मेच्या दुपारी एसी लावलेल्या खोलीत, तो खिडकीच्या कडेनं आत पसरणारे पिसासारखे पट्टे झटकन दाखवतो. हात न पोचणाऱ्या सीलिंगवरही. त्यासाठी आत-बाहेर साधारण दहा अंशांचा फरक हवा, आणि भिंतीवर ऊन आलेलं नसावं. जाड दगडी किंवा जांभ्याची भिंत ऊन उतरल्यावरही कित्येक तास गरम राहते. चकचकीत ॲल्युमिनियमवर तुमच्याच अंगाचं प्रतिबिंब दिसतं. तिथे कागदी टेप चिकटवून टेपचं तापमान बघायचं.

एवढं सगळं सांभाळता येतं. पण ज्या गोष्टीपायी माझा कौल उदबत्तीकडे फिरला ती ओल. लोकांना फटी आठवतात जून ते सप्टेंबरात, आणि त्याच दिवसांत आत-बाहेरचं तापमान जवळपास सारखं असतं. फटीतून येणारी हवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटतच नाही. उमटते ती ओलसर भिंत, कारण सुकताना ती थंड पडते. खिडकीखाली निळा डाग दिसतो, माणूस त्याला वारा समजून आतून सिलिकॉन भरतो. वारा तसाच राहतो, पाणी मात्र भिंतीत कोंडतं आणि दिवाळीपर्यंत रंगाला पोपडे. एक्झॉस्ट बंद करून अर्ध्या तासानं पुन्हा पाहिलं तर ओलीचा डाग तसाच असतो, फटीचा फिका होतो, हे खरं. पण तापमानात फरकच नसेल तर तुलना करायला फटीचा डाग आणायचा कुठून? उदबत्तीला तापमानाचं देणं-घेणं नाही.

तेव्हा पीओपीचं सीलिंग असेल आणि थंडीपर्यंत थांबता येत असेल तर कॅमेरा कुणाकडून दोन दिवस मागून आणावा, नाही म्हणत नाही. विकत घेण्याइतकं काम मला तरी साध्या बंगल्यात किंवा फ्लॅटमध्ये दिसत नाही.

सापडलेल्या जागी लगेच पेन्सिलीनं खूण करा. ब्रश बदलताना जुना तुकडा दुकानात न्या, उंचीत एका मिलिमीटरचा फरक पडला तरी पल्ला अडतो. सहा मिलिमीटरहून रुंद फटीत आधी फोमची दोरी ठासून मग सिलिकॉन. लाकडी खिडकीला फोमपट्टी मे महिन्यात घट्ट बसवलीत तर जुलैत लाकूड फुगून खिडकी लागणारच नाही. फुगलेलं लाकूड सुकल्यावर दिवाळीनंतर पट्टी लावा, आणि पावसाळ्यासाठी थोडी ढील राखा. एक फट बुजली की एक्झॉस्ट उरलेल्या फटींतून जास्त जोरानं ओढतो, म्हणून मघाशी गप्प असलेल्या जोडांवरही काडी पुन्हा एकदा फिरवा.