यादी बघायला गेलो आणि खातं साफ झालं

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतली गोष्ट. होम मैदानावर मित्रांबरोबर पाळण्याच्या रांगेत उभा होतो आणि क्लासच्या ग्रुपवर आमच्या सीआरच्या, म्हणजे वर्गाच्या प्रतिनिधीच्या, नंबरवरून फाईल पडली, 'स्कॉलरशिप यादी', खाली मेसेज की आज रात्री बारापर्यंत खातं व्हेरिफाय केलं नाही तर नाव कटणार. स्कॉलरशिप म्हणलं की आमच्यासारख्यांचा जीव कसा वरखाली होतो ते ज्यांना माहितीय त्यांना माहितीय. त्यात सीआरचा नंबर, लेक्चर कॅन्सल, फॉर्मची तारीख वाढली असलं सगळं तीच टाकते, मग संशय कशाला येईल.

फाईलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ नव्हतं, एपीके होतं, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाईल. हे मला नंतर दिसलं. यादी कधी इन्स्टॉल करावी लागते का राव, पण फोननं वॉर्निंग दिली तरी मी गर्दीत उभ्या उभ्या सेटिंगमध्ये जाऊन अननोन सोर्सची परवानगी स्वतःच्या हातानं चालू केली. मग त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, ती पण दिली. आत ओळखीचा लोगो, नाव, जन्मतारीख, आणि व्हेरिफिकेशनचे 5 रुपये भरायला डेबिट कार्डचा नंबर अन् मागचे तीन आकडे. भरलं सगळं. गोल गोल फिरत राहिलं, ॲप बंद झालं आणि आयकॉनच गायब. तेवढ्यात आमचा नंबर आला, मी पाळण्यात बसलो.

मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही हां. 'ओटीपी सांगू नका' हे आपण सगळे ऐकून असतो, पण इथं सांगायची गरजच नव्हती, येणारा प्रत्येक एसएमएस ते ॲप गुपचूप पुढं पाठवत होतं. 9:40 ला 9,999 गेले, दोन मिनिटांत अजून 9,500. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड पण तसाच गेला, मी माझ्याच फोनमधून लॉगआऊट आणि तिकडं माझ्या नावानं तीच फाईल माझ्या सगळ्या ग्रुपवर. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन टाकलेला असता तर निदान हे तरी झालं नसतं, दोन मिनिटांचं काम आहे, मी वर्षभर 'नंतर करू' म्हणत होतो. सीआरचं आदल्या दिवशी असंच झालेलं, लाजेनं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि मी काय केलं? मी पण गप्प बसलो. खरं तर हेच सांगायला लिहायला बसलोय. घरी आलो तर आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, मान वर न करता म्हणाली, जेवून घे, भाकरी झाकून ठेवलीय. त्या खात्यात तिच्या भिशीचे 6,000 होते. कुठल्या तोंडानं सांगणार? सकाळी बँकेत जाऊ म्हणलं आणि रात्रभर पांघरुणात फोनकडं बघत पडलो. सकाळी 7:15 ला अजून 4,000 गेले.

मग मित्राला फोन केला. तो ओरडलाच, "काय करुलालास बे, 1930 ला लाव की आधी!" 1930 म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाईन. लावला. बँक कुठली, किती गेले, किती वाजता, मेसेजमधला ट्रान्झॅक्शन नंबर काय, एवढं विचारतात, ते समोर घेऊनच फोन करा. सकाळचे 4,000 होल्ड झाले, कारण ताजे होते. रात्रीचे कधीच दोन-तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले. बँकेत साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक दाखवलं, ग्राहकाच्या चुकीनं गेलेले पैसे कळवेपर्यंत ग्राहकाच्या अंगावर, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या. म्हणजे मी रात्री दहालाच कळवलं असतं तर.. जाऊ दे.

त्यात अजून एक शहाणपणा. सात रस्त्याजवळच्या मोबाईल दुकानात जाऊन फोन फॅक्टरी रिसेट मारून घेतला, ते करायला पाहिजेच होतं, पण आधी स्क्रीनशॉट काढायचे राहिले, आणि सायबर पोलीस पहिलं तेच मागतात. एक बरं, दुकानदारानं सिम आधी साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकायला लावलं, म्हणजे पुढचे कोड त्या चोरांकडं जायचे थांबले. व्हॉट्सॲपवर त्यांनी स्वतःचा पिन लावून ठेवलेला. कोड टाकल्यावर ते बाहेर पडले पण तो पिन माहीत नसल्यानं मला सात दिवस थांबावं लागलं.

त्या सात दिवसांत कळलं की माझ्या नंबरवरून आलेली फाईल दोघांनी उघडली. त्यातली एक एफवायची पोरगी, मोहोळहून रोज एसटीनं येते, तिचे 2,200 गेले. मी तिला महिन्याला 500 देतोय, ती नको नको म्हणते. पहिल्यांदा द्यायला गेलो तेव्हा कँटीनच्या बाहेर उभी राहून म्हणाली, "दादा, तुमचं नाव दिसलं म्हणूनच उघडली ओ मी."