अर्धशिशीवर नऊ महिने: लेप, काढा, जिलेबी आणि तूप

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब लिहिते. सौद्यांच्या दिवसांत हवेत हळद, पदरावर हळद, वहीच्या पानांतही हळद. त्यात उजव्या भुवईवर ठोके सुरू झाले की शेजारच्या दुकानाचं शटर ओढल्याचा आवाजसुद्धा सहन होत नाही. कॉलेजपासूनचं दुखणं आहे. मागच्या दिवाळीपर्यंत महिन्यातले तेरा-चौदा दिवस माझे गोळीवर निघायचे.

शेवटी मिरजेत डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं आणि आधी गोळ्याच मोजायला लावल्या. "ताई, कॅफिन घातलेली ही गोळी महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीनंच डोकं दुखायला लागतं." बंद केल्यावर पहिले दहा दिवस काय हाल झाले ते मला ठाऊक आणि आमच्या ह्यांना ठाऊक. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुखलं की लाल फुली मारायची, एवढं व्रत तेव्हापासून धरलं. नोव्हेंबरात फुल्या सोळा, डिसेंबरात नऊ. म्हणजे घरगुती उपाय एकही सुरू केला नव्हता, तोवर आकडा उतरलेला होता. पुढचं वाचताना हे विसरू नका.

पहिला मान सुंठीच्या लेपाला. सासूबाईंची सहाण माळ्यावरून काढली, कोमट पाण्यात सुंठेचं कुडं उगाळलं. कपाळावर लावल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच नाही, मग अशी आग की ठणका आपोआप मागे पडतो. सुकला की कपाळ आवळतं, भुवया उचलल्या की पापुद्रे पडतात. एकदा लेप तसाच ठेवून तव्यावरच्या ऊन-ऊन भाकरीकडे वाकले, घाम आला आणि लेप डोळ्यात. अर्धा तास नळाखाली. दुखणं नुकतंच चढत असेल तर लेपानं तासभर दम धरता येतो. पूर्ण चढलेली अर्धशिशी मात्र लेपाला जुमानत नाही, आणि दुकानात पांढरट कपाळ घेऊन बसलं की हमालसुद्धा विचारतात, "काय झालं वहिनी?"

मग पथ्यादि काढा, गावभागातल्या एका वैद्यांकडून. हरडा, बेहडा, आवळा, काडेचिराईत, कडुनिंब, गुळवेल आणि हळद. अख्खा दिवस हळदीत काढून घरी येऊन पुन्हा हळदच प्यायची! वैद्यांच्या भाषेत अर्ध्या डोक्याचं दुखणं म्हणजे अर्धावभेदक, आणि सूर्य चढेल तसं वाढणारं ते सूर्यावर्त. वर्णन माझं तंतोतंत होतं, म्हणून दोन महिने श्रद्धेनं प्याले. पोट साफ राहिलं. फुल्या आठ आणि नऊ. कडूपणा गुळानंही जात नाही, जिभेच्या मुळाशी दुपारपर्यंत बसून राहतो. माझ्यापुरता नापास.

जिलेबीचं सांगायला थोडी लाज वाटते. शेजारच्या काकू मागेच लागल्या होत्या: "अगं, सूर्य उगवायच्या आत दुधात जिलेबी खा, सात दिवस. माझ्या माहेरी सगळे हेच करतात." खाल्ली. त्या आठवड्यात एकच फुली! मी हरखून गेले. मग कालनिर्णय मागे चाळलं तर बऱ्याचशा फुल्या गुरुवारच्या आणि चतुर्थीच्या. एरवीही सकाळी फक्त चहा घेऊन बाहेर पडायची, पोटात पहिला घास साडेअकराला. जिलेबी सोडली आणि सातच्या आत दूध-भाकरी सुरू केली, तरी फुल्या वाढल्या नाहीत. काकूंना मात्र अजून सांगितलेलं नाही. उपास सोडले म्हणून घरात दोन दिवस अबोला होता, ते वेगळं.

नस्य, म्हणजे नाकात तूप सोडणं, एप्रिलपासून. गायीच्या तुपाची वाटी गरम पाण्यात ठेवून तूप पातळ करायचं, खांद्याखाली उशी घेऊन मान मागे टाकायची, प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब. घशात उतरलं की थुंकायचं, ही सवय व्हायला आठवडा गेला. हळदीच्या धुळीनं नाक कोरडं पडून सोलवटायचं, ते पूर्ण थांबलं. झोप बरी लागते. डोकेदुखीवर किती, ते सांगणं अवघड, कारण तोवर सकाळचं खाणं सुधारलेलं होतं. डॉक्टरांनी एक बजावलं: थेंब म्हणजे थेंब, तूप-तेल नाकात ओतून फुप्फुसात गेलं तर भलतंच होऊन बसतं. सर्दी-तापात मी करत नाही.

जुलैत फुल्या चार, गोळी तीन दिवस. आता गोळी घेते ती ठोके सुरू होताच, चढायची वाट बघत नाही. अचानक कधी नव्हे एवढं डोकं फुटायला लागलं, हातपाय लुळे पडले, बोबडी वळली किंवा तापासोबत मान आखडली, तर सहाण बिहाण न शोधता थेट दवाखाना गाठायचा, हे ह्यांनाही सांगून ठेवलंय.

सुंठेचं कुडं पर्समध्ये असतं, तूप रात्री चालू आहे. काढ्याची भरड पाव किलो उरलीय, वैद्य परत घेत नाहीत.