नाशिकच्या मातीसाठी पहिला मेटल डिटेक्टर : मिनलॅब इक्विनॉक्स ९००

नवख्याने आधी स्वस्तातला मेटल डिटेक्टर घ्यावा आणि हात बसला की मगच महागड्याकडे वळावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. गंगेच्या गाळात किंवा कोकणच्या पुळणीवर तो कदाचित चालेलही, पण नाशिक जिल्ह्यात तो मला पटत नाही. इथे जास्तीचे पैसे यंत्राने जास्त खोलवर शोधावे म्हणून मोजायचे नसतात. ते मातीसाठी मोजायचे असतात. गेल्या द्राक्ष हंगामापासून मी मिनलॅब कंपनीचा इक्विनॉक्स ९०० वापरतो आहे, तोही फक्त नातेवाइकांच्या आणि ओळखीच्या शेतकऱ्यांच्या जमिनीत, त्यांच्या परवानगीने आणि मुख्यतः हरवलेले दागिने शोधण्यासाठी. त्या वापरातून बनलेले हे मत आहे.

आपली जमीन दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची आहे आणि या खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज भरपूर असते. पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी साचलेल्या काळसर वाळूतून साधा लोहचुंबक फिरवला, तरी त्याला बारीक काळ्या कणांची दाढी चिकटते. मेटल डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्यांची चकती, जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते. त्या क्षेत्रामुळे धातूच्या वस्तूत भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात आणि त्यांचा क्षीण प्रतिसाद कॉइल टिपते. जमीनच चुंबकीय असेल, तर तिचा स्वतःचा प्रतिसाद अंगठीच्या प्रतिसादाहून कितीतरी मोठा असतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर (हे क्षेत्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा) चालणारे आणि जमिनीशी जुळवून घेण्याची सोय नसलेले स्वस्त यंत्र अशा मातीत एकतर सतत कुरकुरत राहते किंवा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे क्षीण प्रतिसाद टिपण्याची क्षमता, इतकी कमी करावी लागते की चार बोटांखालची वस्तूही निसटते. नवख्या माणसाला हा आवाज मातीचा की धातूचा, हे कळत नाही, आणि थोड्याच दिवसांत तो यंत्र माळ्यावर टाकून देतो. जाणकार माणूस सामान्य यंत्राकडूनही काम काढून घेतो. चांगल्या यंत्राची खरी गरज नवख्यालाच असते.

इक्विनॉक्स ९०० एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करतो. कमी फ्रिक्वेन्सी मोठ्या आणि चांगल्या वाहक वस्तूंना, म्हणजे चांदीच्या किंवा तांब्याच्या वस्तूंना, चांगला प्रतिसाद मिळवते. जास्त फ्रिक्वेन्सी सोन्याच्या बारीक वस्तूंना. शिवाय वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना जमिनीचा आणि धातूचा प्रतिसाद वेगवेगळ्या तऱ्हेने बदलत असल्यामुळे, त्यांची तुलना करून यंत्राला जमिनीचा भाग बराचसा वजा करता येतो. मिनलॅब ही ऑस्ट्रेलियातली कंपनी आहे आणि तिथल्या लोहयुक्त, त्रासदायक जमिनींसाठी यंत्रे बनवतच ती मोठी झाली. आपल्या मातीत तिची यंत्रे शांत चालतात, याचे मला म्हणूनच नवल वाटले नाही.

शेतात गेल्यावर करायची तयारी थोडीच आहे. कॉइल स्थिर धरून आधी यंत्रातल्या सोयीने विजेचा गोंगाट, म्हणजे आसपासच्या विजेच्या साधनांचा अडथळा, घालवायचा; विहिरीवरची मोटर, रोहित्र किंवा उच्चदाबाची तार जवळ असेल तर हे अगत्याने करावे आणि खिशातला मोबाइलही दूर ठेवावा. नंतर धातू नसलेल्या जागी बटण दाबून धरून कॉइल जमिनीवर खालीवर हलवायची, म्हणजे यंत्र त्या मातीशी जुळवून घेते. नदीकाठचा गाळ, काळी माती आणि त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडची तांबूस माती यांचा स्वभाव निराळा असल्यामुळे जागा बदलली की हे पुन्हा करावे लागते. सेन्सिटिव्हिटीचा कमाल आकडा २५ आहे. बेसॉल्टच्या मातीत तो सोळा ते अठरापर्यंत खाली आणला, तर खोली फारशी न गमावता यंत्र स्थिरावते, असे माझे निरीक्षण आहे. नवखे लोक हा आकडा वर चढवतात आणि मग यंत्र बडबड करते म्हणून त्यालाच दोष देतात.

पडद्यावर वस्तूचा आकडा उणे १९ ते ९९ या दरम्यान येतो. उणे आकडे लोखंडाचे, वरचे इतर धातूंचे. दागिन्यांच्या बाबतीत मात्र हा आकडा निर्णायक मानू नये, कारण सोन्याची अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा ॲल्युमिनियमचा पत्रा पुष्कळदा एकाच पट्ट्यात येतात. सोने हवे असेल, तर पत्रा उकरण्याची तयारी हवीच. यावर कोणत्याही किमतीच्या यंत्रात उपाय नाही. दुसरी गोष्ट नाण्यांची. आजची एक आणि दोन रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची, म्हणजे चुंबकाला चिकटणारी आहेत, त्यामुळे लोखंड वगळून शोध घेतला तर तीही वगळली जाण्याची शक्यता असते. सरावासाठी अंगणात नाणी पुरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून पितळी छटेचे पाच रुपयांचे नाणे वापरावे.

आपल्याकडच्या दागिन्यांचा विचार परदेशी परीक्षणांत सापडत नाही, म्हणून तो इथे थोडा सविस्तर मांडतो. चांदीची जोडवी या यंत्राला अगदी सोपी, कारण ती भरीव असतात, अंगठीही सोपी. साखळी मात्र अवघड. यंत्राला सोन्याची लांब साखळी एक वस्तू म्हणून दिसत नाही, तिच्या एकेका कडीचा प्रतिसाद स्वतंत्रपणे आणि क्षीणपणे येतो, म्हणून जड साखळीही हलक्या अंगठीपेक्षा कमी बोलते. मंगळसूत्र सापडते ते वाट्यांमुळे. काळे मणी यंत्राच्या दृष्टीने नसल्यासारखेच. नथीची तार बारीक आणि मोती धातूचे नाहीत, त्यामुळे नथ शोधायची असेल तर ‘गोल्ड’ हा प्रोग्रॅम लावून, कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, अतिशय सावकाश शोध घ्यावा लागतो. हाच प्रोग्रॅम धाकट्या इक्विनॉक्स ७००मध्ये नाही, आणि माझ्या मते नाशिककराने ७००वर पैसे वाचवू नयेत याचे तेवढे कारण पुरेसे आहे.

काळ्या मातीचा आणखी एक गुण शोधणाऱ्याला ठाऊक असावा. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिल्या पावसाने फुगून भेगा मिटवते. एप्रिलमध्ये भेगेजवळ पडलेली वस्तू वरच राहिली असेल, असे समजता येत नाही. ती हातभर खाली गेली, तर अंगठीएवढी वस्तू या यंत्राच्याच काय, कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेर असते. आपल्या जमिनीत अंगठी एक वीतभर खोलीवर मिळाली तर ती उत्तम कामगिरी समजावी. म्हणून वस्तू हरवल्याचे कळताच, नांगर किंवा रोटाव्हेटर फिरण्याच्या आधी, पावसाच्या आधी, शोध घ्यायला हवा.

दिंडोरी, निफाड भागातल्या द्राक्षबागेत अडचण वेगळीच असते. वेलींच्या मांडवाचे लोखंडी अँगल, गॅल्व्हनाइज्ड तारा, छाटणीच्या वेळी पडलेले तारेचे तुकडे, यांमुळे अकरा इंची कॉइल ओळीच्या जवळ नेताच यंत्र गडबडते. इक्विनॉक्स ९००बरोबर सहा इंची छोटी कॉइलही मिळते आणि बागेत तीच लावावी. तिची खोली कमी, पण दोन अँगलच्या मधली आणि वेलीच्या बुंध्याजवळची जागा तिच्यानेच नीट तपासता येते. द्राक्ष खुडणीला आलेल्या एका ताईंचे जोडवे मला याच छोट्या कॉइलने, तारेच्या तुकड्याशेजारी, मिळाले. मोठ्या कॉइलने तो आवाज लोखंडाखाली दबून गेला होता. दोन्ही कॉइल ‘डबल-डी’ घडणीच्या, म्हणजे आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी असलेल्या, आहेत, आणि खनिजयुक्त जमिनीत हीच घडण घ्यावी.

यंत्राचे वजन सुमारे १.२७ किलो आहे, दांडा कार्बन फायबरचा आणि आत सरकवून लहान करता येणारा आहे, पाच मीटरपर्यंत पाण्यात ते चालते आणि वायरलेस हेडफोन सोबत येतो. भर उन्हात पडदा व्यवस्थित वाचता येतो. बॅटरी आत बसवलेली असल्यामुळे शेतात बदलता येत नाही, ही मला उणीव वाटते. पॉवर बँक जवळ असावी.

याच किमतीच्या आसपास आणि तिच्याही वर आणखी यंत्रे आहेत. फ्रान्सच्या एक्सपी कंपनीचा ड्यूस २ बराच हलका आहे आणि वीस मीटर खोल पाण्यातही चालतो. खांद्याचा त्रास असणाऱ्याने किंवा धरणाच्या पाण्यात उतरणाऱ्याने तो जरूर पाहावा. मात्र त्याचे मेनू इतके खोल आहेत की नवखा माणूस शोधण्यापेक्षा जुळवण्यातच गुंततो. मिनलॅबचाच मँटिकोर अधिक ताकदवान आहे आणि त्याचा पडदा वस्तूचे द्विमितीय चित्र दाखवतो, पण हे चित्र वाचायला यंत्राचे आवाज ओळखणारे कान आधी तयार व्हावे लागतात. पल्स इंडक्शन जातीची, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचे तुटक झटके सोडणारी, मिनलॅबच्या जीपीएक्स ६००० सारखी यंत्रे किमतीने सर्वांत वर असली, तरी नाशिकमध्ये त्यांचा उपयोग नाही. ती नैसर्गिक सोन्याचे कण शोधण्यासाठी बनवलेली आहेत, लोखंड ओळखून वगळण्यात कच्ची आहेत, आणि आपल्या बेसॉल्टमध्ये कोलार किंवा हट्टीसारखे सोने नाही. बागेतल्या तारांमध्ये असे यंत्र घेऊन गेलेल्या माणसाला दिवसभर खिळे उकरावे लागतील.

शेकडो मीटरवरून सोने दाखवणारी म्हणून जी ‘लाँग रेंज’ यंत्रे विकली जातात, त्यांच्यापासून मात्र कळकळीने सावध करावेसे वाटते. हातात दोन अँटेना धरून चालायचे आणि त्या वळतील तिथे धन, असा हा प्रकार असतो. जमिनीतली अंगठी इतक्या अंतरावरून ओळखणारे कोणतेही भौतिक तत्त्व नाही. गुप्तधनाच्या आशेने कर्ज काढून अशी यंत्रे घेणारे लोक आपल्याच तालुक्यांत आहेत, आणि त्यांना फसवणारेही.

कायद्याचा विचार यंत्र घेण्याआधी करायला हवा, कारण आपली भूमी खरोखरच ऐतिहासिक वस्तूंनी भरलेली आहे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटवलेले होते, आणि नहपानाच्या पराभवाचा हा भक्कम पुरावा मानला जातो. तो साठा कोणी गुपचूप वाटून घेतला असता, तर सातवाहनांच्या इतिहासातला हा दुवाच नाहीसा झाला असता. १८७८च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते आणि ती न देणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्मारकांच्या परिसरात यंत्र नेऊच नये. जुन्या पांढरीच्या, म्हणजे पूर्वीच्या गाववस्तीच्या, टेकाडावर, ती खासगी जमीन असली तरीही, मी कॉइल फिरवत नाही. नाण्यांची ओढ असेल त्याने अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेतला संग्रह पाहावा. तिथे नाणे त्याच्या इतिहासासह भेटते.

खरेदी करताना अधिकृत विक्रेत्याचे बिल आणि अनुक्रमांक तपासावा, कारण मिनलॅबच्या नावाची बनावट यंत्रे बाजारात आहेत आणि कंपनी स्वतः त्याबद्दल इशारा देते. आयात शुल्क धरून किंमत लाखाच्या आसपास किंवा वर जाते. वॉरंटी भारतात लागू आहे का, दुरुस्तीसाठी यंत्र कुठे पाठवावे लागेल, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे. एवढा खर्च करणाऱ्याने खड्ड्यातल्या वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा पिनपॉइंटरही त्याच वेळी घ्यावा, कारण काळ्या ढेकळांत आवाज आल्यानंतर प्रत्यक्ष जोडवे हाती लागेपर्यंतचा सर्वांत जास्त वेळ तोच वाचवतो, आणि दुसऱ्याच्या शेतात खड्डाही लहान राहतो.